नाकापेक्षा मोती जड झाला नाही: मियाटात होंडाचं २.४ लिटरचं इंजिन, चौदा हजार किलोमीटरनंतर

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगून टाकतो. पहिल्या पिढीची मझदा एमएक्स-५ मियाटा, त्यातलं मूळ १.६ चं इंजिन काढलं, किट विकत घेऊन होंडाचं के२४ए२ म्हणजे २.४ लिटरचं इंजिन बसवलं आणि त्यानंतर चौदा हजार किलोमीटर गाडी चालवली. पुन्हा करायची वेळ आली तर पुन्हा हेच करीन. पण किट आलं म्हणजे काम झालं असं समजू नका. किटमध्ये फक्त इंजिन बसवण्यापुरतं सामान येतं, खरा घाम गाळावा लागतो तो मागच्या डिफरन्शियलपाशी (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा, पुढे नुसतं डिफ म्हणतो) आणि पुढे रेडिएटरपाशी, आणि त्याबद्दल कोणी नीट लिहीत नाही म्हणून हा एवढा लांबलचक रिव्ह्यू.

आधी गाडीबद्दल थोडं. १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या ऑटो शोमध्ये मझदाने ही पहिल्यांदा दाखवली. दोन माणसांची, छप्पर मागे टाकता येणारी, इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना. वजन साधारण साडेनऊशे किलो, चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन. इंजिन १५९७ सीसीचं, ६५०० आरपीएमला ११५ हॉर्सपॉवर, आणि टॉर्क साधारण १३५ न्यूटन मीटर, तोही ५५०० ला. म्हणजे वळणात गाडी सोन्यासारखी, पण वळण संपून सरळ चढ लागला की दोन गिअर खाली टाका, सुई पाच हजाराच्या वर ठेवा आणि मग वाट बघा. मोकळ्या रस्त्यावर त्यात मजा आहे, ते मी नाकारत नाहीये. पण शेजारी माणूस, डिकीत सामान आणि पुढे लांबलचक ट्रक असला की ओव्हरटेक करताना दर वेळी मनात गणित मांडावं लागायचं. मला टॉप स्पीड नको होता. मला मधल्या आरपीएमला दम हवा होता आणि त्याच्या बदल्यात स्टिअरिंगचा हलकेपणा गमवायचा नव्हता. बस, एवढीच अट.

ही अट वाटते तेवढी सोपी नाही. छोट्या गाडीत मोठं इंजिन टाकायचा प्रकार फार जुना आहे. कॅरोल शेल्बीने १९६२ मध्ये एसी एस या हलक्या इंग्लिश गाडीत फोर्डचं व्ही८ टाकून कोब्रा केली, १९६४ मध्ये सनबीम अल्पाइनमध्ये तसंच फोर्डचं व्ही८ घालून टायगर आली, आणि त्या टायगरमध्ये जागा इतकी कमी की एक स्पार्क प्लग काढायला गाडीच्या आतून, फायरवॉलमधल्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीतल्या) भोकातून हात घालावा लागायचा. पण मला सगळ्यात जास्त शिकवलं ते एमजीच्या दोन गाड्यांनी. एमजीबी ही छान, तोल असलेली गाडी. १९६७ मध्ये कंपनीने तिच्यात २९१२ सीसीचं लोखंडी सहा सिलिंडरचं इंजिन घातलं आणि तिला एमजीसी म्हटलं. ताकद वाढली, पण नाकावर नव्वदेक किलोचं जास्तीचं ओझं आलं, त्या इंजिनासाठी पुढचं सस्पेन्शनसुद्धा बदलावं लागलं, आणि गाडी वळायला नाखूष झाली. दोनेक वर्षांत बंद. मग १९७३ मध्ये त्याच एमजीबीच्या जीटी बॉडीत रोव्हरचं ३५२८ सीसीचं व्ही८ आलं. इंजिन अजून मोठं, सिलिंडर आठ, पण सगळं ॲल्युमिनियमचं, त्यामुळे वजनाला मूळच्या लोखंडी चार सिलिंडरच्या आसपासच. ती गाडी वळत होती. बॉडी तीच आणि इंजिन दोन्हीकडे मोठं, पण पहिल्या गाडीत नाकापेक्षा मोती जड झाला आणि दुसरीत नाही.

म्हणून किट निवडताना मी हॉर्सपॉवरचा आकडा सगळ्यात शेवटी बघितला. आधी बघितलं ते पुढच्या एक्सलवर किती किलो येणार, आणि ते किलो किती उंचीवर बसणार.

पर्याय तीन होते. जुन्याच १.६ ला टर्बो लावायचा, अमेरिकन ॲल्युमिनियमचं व्ही८ घालायचं, किंवा हे होंडाचं. टर्बो नको म्हटलं कारण त्या छोट्या बॉनेटखाली उष्णता फार साठते, शिवाय बूस्ट यायला जो क्षण जातो तो मला वळणाच्या मध्यात नको होता. व्ही८ वाल्या मियाटा मी चालवून बघितल्यात. गाडी जबरदस्त होते यात वाद नाही, पण ती वेगळी गाडी होते. गिअरबॉक्स, डिफ, सबफ्रेम (इंजिन आणि सस्पेन्शन ज्यावर बसतं ती खालची चौकट), सगळं बदलावं लागतं आणि तरी नाक थोडं जड होतंच. के२४ चं तसं नाही. मझदाच्या मूळ इंजिनाचा ब्लॉक लोखंडी, होंडाचा ॲल्युमिनियमचा, त्यामुळे ७५७ सीसी वाढूनही पुढच्या वजनात म्हणण्यासारखा फरक पडत नाही. माझ्यासाठी निर्णय इथेच झाला.

अजून एक गोष्ट, जी माहीत नसेल तर घोळ होतो. होंडाची जुनी बी, डी, एच सिरीजची इंजिनं उलटी फिरतात, म्हणजे बाकी जगाच्या इंजिनांच्या विरुद्ध दिशेने. ती तशीच मझदाच्या गिअरबॉक्सला जोडली तर सगळे पुढचे गिअर गाडीला मागे नेतील. के सिरीज मात्र सरळ फिरते. त्यामुळे मधे एक ॲडाप्टर प्लेट, योग्य फ्लायव्हील आणि क्लचप्लेट टाकली की मियाटाचा स्वतःचाच गिअरबॉक्स चालतो. आणि तो गिअरबॉक्स राहणं फार महत्त्वाचं आहे. मियाटात गिअरबॉक्सपासून डिफपर्यंत एक ॲल्युमिनियमची लांब फ्रेम जाते, पॉवर प्लँट फ्रेम म्हणतात तिला, ती दोघांना एकत्र घट्ट धरून ठेवते, म्हणूनच ॲक्सिलरेटर दाबल्यावर मधे ढिलेपणा जाणवत नाही. दुसरा गिअरबॉक्स टाकलात तर त्या फ्रेमचं काय करायचं हा प्रश्न नव्याने उभा राहतो. माझ्या किटमध्ये ती फ्रेम जशीच्या तशी राहिली. किटला पूर्ण मार्क देतो ते इथे.

आता इंजिन विकत घेताना. के२४ म्हणून बाजारात बरंच काही मिळतं आणि सगळं सारखं नसतं. मला हवं होतं ते २००४ ते २००८ च्या अक्युरा (होंडाचाच ब्रँड) टीएसएक्समधलं के२४ए२: २३५४ सीसी, बोअर ८७ मिलीमीटर, स्ट्रोक ९९, कॉम्प्रेशन १०.५, सुरुवातीच्या वर्षांत ६८०० ला २०० हॉर्सपॉवर आणि ४५०० ला साधारण २२५ न्यूटन मीटर. त्याच काळातल्या अकॉर्डमधलं के२४ए४ बाहेरून भावासारखं दिसतं, पण ते १६० हॉर्सपॉवरचं आहे आणि त्याचं हेड वेगळं आहे. ब्लॉकवर कोड कोरलेला असतो तो स्वतःच्या डोळ्यांनी वाचा, विकणाऱ्याच्या तोंडच्या शब्दावर जाऊ नका. मी व्हॉल्व्ह कव्हर उघडून कॅम बघितले, चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घेतलं, चेन ढिली आहे का पाहिलं. या इंजिनाला टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे, ती भरपूर टिकते, पण आधीच्या मालकाने ऑइल वेळेवर बदललं नसेल तर चेन लांबते आणि टेन्शनर कुरकुरायला लागतो. थंड इंजिन सुरू करताना पहिले एक-दोन सेकंद खरखर ऐकू आली तर इनटेक कॅमच्या टोकाचा व्हीटीसी ॲक्च्युएटर (कॅमचं टायमिंग पुढेमागे करणारा भाग) संशयित धरा. माझ्याकडे तो नवा घालूनच इंजिन गाडीत गेलं, कारण नंतर तिथे हात पोचवणं म्हणजे शिक्षा आहे.

किटबद्दल. कोणाचं आहे ते लिहीत नाही, कारण त्यांच्याबद्दल चांगलं जास्त आणि एक-दोन तक्रारी असं आहे, आणि मला कोणाच्या धंद्यावर पाय द्यायचा नाहीये. सामान काय आलं तर इंजिनाचे माउंट, ज्यांना फिटर लोक फाउंडेशन म्हणतात ते, बदललेला पुढचा सबफ्रेम, ॲडाप्टर प्लेट, फ्लायव्हील, ऑइल चेंबर, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, पाण्याच्या जोडण्या आणि वायरिंगचा हार्नेस. वेल्डिंग सुरेख, ॲडाप्टर प्लेटचं मशीनिंग तर इतकं नेमकं की डॉवेल पिना हाताने बसल्या. चेंबर वेगळं का लागतं, तर होंडामध्ये इंजिन आडवं बसतं आणि मियाटात उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने, त्यामुळे मूळ चेंबर बरोबर सबफ्रेमवर येऊन टेकतं. शिवाय के२४ चा ब्लॉक के२० पेक्षा सुमारे २० मिलीमीटर उंच आहे, म्हणजे वर बॉनेटला लागतंय आणि खाली जमिनीला लागतंय अशी दोन्हीकडून कोंडी. किटवाल्यांनी ती बऱ्यापैकी सोडवली आहे. बॉनेट न कापता बंद होतं, बोटभर जागा उरते. चेंबर मात्र खाली येतं. गाडी लोअर केलेली असेल तर स्पीड ब्रेकर तिरके घ्यायची सवय करून घ्या आणि खाली एक संरक्षक पत्रा मारा, हे मी आग्रहाने सांगतोय.

तक्रार पहिली, एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा एक पाइप स्टिअरिंगच्या शाफ्टच्या इतक्या जवळून जात होता की इंजिन लोडखाली थोडं हललं की टक असा आवाज. मी फोटो पाठवले, उत्तर यायला तीन आठवडे लागले, आणि उत्तर काय तर माउंट नीट कसा. माउंट नीटच कसलेले होते. शेवटी माझ्या मित्राने, जो वेल्डिंगचं काम बघतो, तो पाइप कापून आठ मिलीमीटर बाजूला घेऊन परत जोडला. तक्रार दुसरी, हीटरच्या पाण्याच्या पाइपला दिलेला कोपर फायरवॉलला घासत होता. दोन्ही गोष्टी छोट्या आहेत, पण जो माणूस पहिल्यांदाच हे करतोय आणि ज्याच्याकडे वेल्डर मित्र नाही त्याची गाडी यामुळे महिनाभर उभी राहील, आणि एवढं सामान विकणाऱ्यांनी एवढं तरी तपासून द्यायला हवं.

इनटेकबद्दल थोडं. होंडाचा मूळ मॅनिफोल्ड वापरला तर इंजिन उभं फिरवल्यावर थ्रॉटलचं तोंड फायरवॉलकडे जातं, हवा कुठून घेणार? म्हणून पुढे तोंड असलेला वेगळा मॅनिफोल्ड घ्यावा लागतो. टीएसएक्सचा थ्रॉटल इलेक्ट्रॉनिक आहे, मियाटाला केबल, तर मी केबलवाला थ्रॉटल बसवला. इंजिनाचा मेंदू म्हणून होंडाचाच ईसीयू आणि त्यात तो हवा तसा ट्यून करता यावा म्हणून होंडाटाचं के-प्रो. हे चाललं छान, फार लिहिण्यासारखं नाही.

ऑइल पंपावर मात्र थांबतो. के२४ए२ च्या मूळ पंपासोबत बॅलन्स शाफ्ट येतात, ते इंजिन गुळगुळीत चालवतात पण जास्त आरपीएमला तो पंप कमी पडतो. म्हणून बरेच लोक के२० चा साधा पंप घालतात, ज्यात बॅलन्स शाफ्ट नाहीत. मीही तेच केलं. त्याची किंमत म्हणजे थरथर. आयडलला आरसा हलतो, सीटच्या पाठीत बारीक गुणगुण येते, आणि २.४ लिटरचं चार सिलिंडर इंजिन बॅलन्स शाफ्टशिवाय तसंच असणार हे मान्य करूनच यात पडा. लाल रेषा मी ७२०० वर ठेवली. लोक याच इंजिनाला ८००० च्या पुढे नेतात, पण स्ट्रोक ९९ मिलीमीटर आहे हे विसरून चालत नाही. ७००० आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला २३ मीटर होतो, जुन्या १.६ मध्ये स्ट्रोक ८३.६ होता, तिथे त्याच आरपीएमला १९.५ मीटर. मूळच्या रॉड आणि बेअरिंगवर चालणारं वापरलेलं इंजिन आहे, त्याला रोज तिथे कशाला न्यायचं?

आता मागचं टोक. किट विकणारे याच्याबद्दल एका ओळीत बोलतात आणि पुढे जातात. १.६ च्या मियाटात सहा इंची क्राउनचं (डिफमधल्या मोठ्या दातेरी चाकाचं) छोटं डिफ आहे. साधं गणित करा: पहिल्या गिअरचा रेशो ३.१३६. जुनं इंजिन पूर्ण जोर लावताना डिफच्या पिनियनला (क्राउनला फिरवणाऱ्या छोट्या दातेरी चाकाला) ४२३ न्यूटन मीटर द्यायचं, आता ७०६ मिळतात. ते छोटं डिफ मूळ ताकदीलासुद्धा फार मजबूत मानलं जात नाही. मी तरी "बघू, टिकेल तितके दिवस" म्हणून तेच ठेवून गाडी बाहेर काढली, आणि सहाशे किलोमीटरवर, एका उजव्या वळणातून दुसऱ्या गिअरमध्ये बाहेर पडताना मागून दळण दळल्यासारखा आवाज सुरू झाला. उघडलं तर पिनियनचे दोन दात गेलेले. त्या दिवशी टोइंगच्या गाडीत बसून घरी आलो, दुसऱ्या दिवशी १९९४ नंतरच्या १.८ मियाटाचं सात इंची टॉर्सन (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ताकद देणारं) डिफ शोधायला लागलो. सोबत प्रॉपेलर शाफ्ट आणि मागचे हाफ शाफ्टसुद्धा १.८ चेच लागतात, नुसतं डिफ आणून भागत नाही. त्यामुळे किटसाठी पैसे जमवत असाल तर हे डिफ त्याच यादीत आणि त्याच दिवशी. नंतर नाही.

याचा एक फायदा अनपेक्षित होता. जुन्या डिफचा रेशो ४.३, नव्याचा ४.१. मूळ मापाच्या टायरवर पाचव्या गिअरमध्ये ताशी १०० ला आधी साधारण ३२०० आरपीएम असायचे, आता ३०५०-३१०० च्या मधे. फरक छोटा वाटतो, पण लांबच्या प्रवासात कानाला कळतो. या टॉर्कला अजून लांब रेशो सहज झेपेल, पुढच्या पिढीत ३.९ मिळतो, तो मिळाला तर घालीन.

गिअरबॉक्स मूळचा पाच स्पीडचाच आहे. आत्तापर्यंत टिकलाय, पण मी क्लच आपटून गाडी उचलत नाही आणि तिसऱ्यात खालून एकदम पूर्ण दाबत नाही. ट्रॅकवर ज्यांना जायचंय त्यांनी नंतरच्या मियाटाचा सहा स्पीडचा बघावा. ब्रेकसुद्धा १.८ चे घेतले, पुढची डिस्क २३५ वरून २५५ मिलीमीटर झाली. रोजच्या वापराला पुरे.

पाणी आणि उष्णता. इथे माझे दोन महिने गेले. होंडाच्या हेडमधून पाणी बाहेर पडतं ते गिअरबॉक्सच्या बाजूने, म्हणजे मियाटात फायरवॉलपाशी, आणि रेडिएटर सगळ्यात पुढे, त्यामुळे एक होज पूर्ण इंजिनाच्या अंगावरून पुढे आणावा लागतो आणि त्याचा सगळ्यात उंच बिंदू जिथे येतो तिथे हवा अडकते. सुरुवातीला ट्रॅफिकमध्ये तापमान ११० पर्यंत चढायचं. मी रेडिएटर बदलला, पंखे बदलले, काही फरक नाही. शेवटी कळलं की उंच बिंदूवर हवा काढायचा स्क्रू नव्हता आणि रेडिएटरच्या कडेने, वरून, खालून हवा निसटून जात होती. ॲल्युमिनियमच्या पत्र्याने आणि फोमने सगळ्या फटी बंद केल्या, हवा काढायला जागा केली, नाक वर करून पाणी भरलं. आता कडक उन्हात सिग्नलला उभी असताना ९६, चालताना ८८. म्हणून म्हणतो, आधी फटी बुजवा, रेडिएटरवर पैसे नंतर घाला. आणि डॅशबोर्डवरच्या मूळ टेम्परेचरच्या काट्यावर विसंबू नका, तो मधेच बसून राहतो आणि हलायला लागतो तेव्हा उशीर झालेला असतो. आकडा दाखवणारा वेगळा गेज लावा. बाकी मीटर मात्र चालतात. स्पीडोमीटर गिअरबॉक्समधून केबलवर चालतो आणि गिअरबॉक्स तोच आहे, त्यामुळे तो चालतो, फक्त डिफचा रेशो ४.१ झाल्यामुळे वेग पाचेक टक्के कमी दाखवतो.

आता चालवायला कशी आहे, ज्यासाठी सगळं केलं.

पहिली गोष्ट, गाडी निघते. एवढंच. क्लच सोडला की ॲक्सिलरेटरला पाय लागायच्या आधी निघते. जुनं इंजिन त्याच्या शिखरावर, ५५०० ला, जितका टॉर्क द्यायचं तितका हे दोन हजाराच्या आतबाहेरच देऊन टाकतं. गावातून बाहेर पडताना तिसऱ्या गिअरमध्ये टाका आणि विसरून जा. तो ट्रकवाला प्रसंग, ज्यावरून मी सुरुवात केली, तो आता चौथ्या गिअरमध्येच, खाली न टाकता, दोन श्वासांत संपतो. मनातलं गणित बंद झालं आणि त्यामुळे माझं चालवणं उलट शांत झालंय, हे मला अपेक्षित नव्हतं.

मग पाच हजार. व्हीटेकमध्ये कॅमवर दोन प्रकारचे लोब असतात, खालच्या आरपीएमला सौम्य आणि वर गेल्यावर मोठे. टीएसएक्समध्ये हा बदल सहा हजाराच्या आसपास होतो, ट्यूनरने माझ्याकडे तो पाच हजाराजवळ आणला. त्या क्षणी आवाज बदलतो, घशातून छातीत उतरल्यासारखा, आणि गाडी जी ओढत होती ती उडायला लागते. साडेनऊशे किलोच्या गाडीला दोनशे हॉर्सपॉवर, म्हणजे टनाला जिथे १२० होते तिथे २१०. छप्पर उघडं असेल आणि रस्ता रिकामा असेल तर ते शब्दात सांगता येत नाही, मी प्रयत्न करून बघितला.

आणि स्टिअरिंग? मी तोच वळणाचा रस्ता धरला ज्यावर गेली सहा वर्षं ही गाडी चालवतोय, मुद्दाम सकाळी लवकर, मुद्दाम हळू. पहिलं वळण, दुसरं वळण. नाक तसंच आत येतं. बोटांना टायरचं बोलणं तसंच कळतं. फरक आहे तो बाहेर पडताना: आधी वळणात मिळवलेला वेग जपून ठेवावा लागायचा कारण तो परत मिळवणं अवघड होतं, आता उजवा पायही गाडी वळवतो. ओल्या रस्त्यावर हाच पाय जपून ठेवा. या गाडीत ट्रॅक्शन कंट्रोल नाही, एबीएसही माझ्या गाडीत नाही, आणि दुसऱ्या गिअरमध्ये मागचं टोक सहज सुटतं. टायर जुने असतील तर आधी टायर.

काय गेलं तेही सांगायला हवं. जुनं १.६ सात हजारापर्यंत पिळून काढण्यात, प्रत्येक गिअर शेवटपर्यंत वापरण्यात, कायद्यात राहून गाडीचा पूर्ण दम काढण्यात जे समाधान होतं ते गेलं. आता दुसऱ्या गिअरमध्ये लाल रेषेपर्यंत जाईपर्यंत बहुतेक रस्त्यांची वेगमर्यादा संपलेली असते. ज्याला त्या पिळण्यातच आनंद आहे आणि ज्याला चढ, सामान, सोबतचा माणूस यांचं ओझं नाही, त्याने हे करू नये असं मी मनापासून सांगेन. त्याने चांगले टायर आणि शॉक ॲब्सॉर्बर घ्यावेत. आणि ज्यांच्याकडे तिसऱ्या पिढीची, २००५ नंतरची एमएक्स-५ आहे त्यांनी होंडाच्या वाटेला जाऊच नये. त्यांच्या २.० च्याच कुटुंबातलं मझदाचं २.५ लिटर, २४८८ सीसी इंजिन जवळपास सरळ बोल्टवर बसतं. इतकी सोय आम्हा पहिल्या पिढीवाल्यांच्या नशिबात नाही.

कागदपत्रांचं एकच सांगतो: इंजिन बदललं की नोंदणी आणि इन्शुरन्स दोन्हीकडे कळवावं लागतं, धुराची चाचणी कोणत्या वर्षाच्या नियमाने होणार हेही आधी विचारून घ्यावं लागतं. मी इंजिन विकत घ्यायच्या आधी लेखी उत्तर घेतलं होतं, आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर ठेवूनच एक्झॉस्ट केला. तो काढला असता तर थोडी ताकद वाढली असती. नको.

सध्याची स्थिती: दर पाच हजारांना ऑइल, चेंबरच्या कडेला किंचित पाझर आहे, तो गॅस्केट पुढच्या वेळी बदलीन. पॉलियुरेथेनचे माउंट काढून रबरचे घालायचा विचार आहे, म्हणजे थरथर थोडी कमी होईल. एसी काढून टाकला होता तो परत बसवायचाय, त्याचा ब्रॅकेट किटवाल्यांकडे आता आलाय म्हणे.

आणि हे सगळं होताना बॉडीला एकही कट मारलेला नाही. सबफ्रेम बोल्टवर, माउंट बोल्टवर, वायरिंग प्लगवर. जुनं १.६ विकलं नाही, ते कोपऱ्यात स्टँडवर झाकून ठेवलंय, सिलिंडरमध्ये ऑइल सोडलेलं आहे, आणि महिन्यातून एकदा पाना लावून क्रँक दोन फेरे हाताने फिरवतो.